विरघळत नाही

मुलींच्या कबड्डीच्या मॅटसाठी
दहा हजार आठशे कमी पडत होते,
म्हणून नोव्हेंबरात शाळेत खोकी आली.
एकशे वीस पुडे चहा, साठ पुडे कॉफी,
आणि हिशेबाची वही माझ्याकडे,
कारण मी गणित शिकवतो
आणि त्या दिवशी सभेला उशिरा पोचलो होतो.

पुड्यावर छापलेलं: कष्टाला योग्य भाव.
खाली एका बाईचा फोटो, पाठीवर टोपली,
नाव फुलमनी.
मुलींनी ते नऊच्या पाढ्यासारखं पाठ केलं
आणि जेल रोडभर दारोदार म्हणत सुटल्या.

नाशिकरोडला पैशाचं काय अप्रूप,
इथे तर नोटा छापतात.
प्रेसमधून सुटलेल्या माणसाने
दोनशे चाळीस ऐकून पुडा उलटा केला,
वजन वाचलं,
आणि सुलटा करून परत दिला.

गेटसमोर दगूशेठ खैरनारांची टपरी.
त्यांनी चिमूटभर पत्ती तळहातावर चोळली, हुंगली.
"वास चांगलाय पोरी. रंग नाही यायचा.
माझ्या गिऱ्हाइकाला आधी रंग लागतो."
मग स्टोव्ह बारीक करून विचारलं,
"योग्य म्हणजे किती?"

हर्षलाने माझ्याकडे पाहिलं.
मी पुड्याकडे.
पुड्यावर आकडा नव्हता. हिरवा शिक्का होता,
आणि फुलमनी हसत होती,
फोटोवाल्याने सांगितल्याइतकंच.
दगूशेठनी तरी दोन पुडे घेतले.
म्हणाले, घरच्यांसाठी.

चहा खपला. छळलं ते कॉफीने.
तिसऱ्या दिवशी बोराडे काकू फोडलेला पुडा घेऊन हजर,
"दुधात घातली, साखर घातली, हात दुखेस्तोवर घोटली,
विरघळतच नाही हो सर! माती आहे का काय?"
मी दळलेली बी आणि झटपट पावडर
यातला फरक समजावला, गाळणीचं सांगितलं.
"मग ते आधी सांगायचं ना," म्हणाल्या.
खरंच होतं. त्या आठवड्यात
निम्म्या जेल रोडच्या कपांच्या तळाशी
गाळ राहिला.
देवळालीच्या नंबियार बाईंनी मात्र सहा पुडे घेतले,
पितळी फिल्टर उघडून दाखवला
आणि पैसे मल्याळममध्ये मोजले.

हर्षला निकुंभ पळसे गावाहून येते.
वहीत बेरीज लिहिता लिहिता म्हणाली,
"सर, माझी आई चार महिने द्राक्षांच्या पॅकहाउसात असते.
डोक्याला जाळी, हाताला मोजे.
घड न दुखवता कात्रीने
एकेक खराब मणी काढते.
पेटीवर प्लॉटचा नंबर असतो, तारीख असते,
रॉटरडॅम असतं.
आईचा फोटो का नसतो?"

मी म्हणालो, बघू.
गणिताच्या मास्तराने म्हणू नये असा शब्द.

जानेवारीअखेर मॅट आली.
आठ दिवस वर्गावर्गात नव्या रबराचा वास.
पहिल्याच चढाईत हर्षलाने तिघींना बाद केलं,
आपटली, उठली,
गुडघा वाकवून बघितला,
पुन्हा बघितला. रक्त नव्हतं.

वहीच्या शेवटच्या पानावर जमाखर्च पैशापैशाने जुळतो.
त्याखाली तिच्या अक्षरात एक ओळ आहे,
कुठल्याच रकान्यात न बसणारी:
वैजयंता निकुंभ, पळसे. चिठ्ठी एक.
पेटीत, कागदाखाली. सोळा फेब्रुवारी.

मार्चमध्ये तपासणीला आलेल्या साहेबांनी
तिच्यावर बोट ठेवलं. ही कसली नोंद?
मी म्हणालो, येणे.
त्यांनी समोर पेन्सिलीने
एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं
आणि चहा मागवला.